दीड हजार शब्दांचा लेख की तीनशे शब्दांचा? एका आंबा बागायतदार ताईंना उत्तर

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी थेट विक्रीसाठी वेबसाइट काढली. एका एजन्सीकडून प्रत्येकी 1500 शब्दांचे 20 लेख लिहून घेतले. तरी पेट्या जातात त्या ओळखीपाळखीतच, वेबसाइटवर कुणी फिरकत नाही. आता लेख मीच लिहायचे ठरवले आहे, पण मला लांबलचक लिहायला जमत नाही. छोटे लेख चालतील का? केवढे आणि कसे लिहू?

उत्तर: ताई, छोटे लेख चालतील. तुमच्या कामाला तर तेच जास्त उपयोगी पडतील. आणि ते तुम्ही स्वतः लिहिणार आहात, हे वाचून मला फार बरे वाटले. गेली पंधरा-सोळा वर्षे मी लहान उत्पादकांच्या आणि दुकानदारांच्या वेबसाइटसाठी लिहितो आहे. ज्याचा माल आहे त्याने स्वतः, थोडक्यात लिहिलेला लेख माझ्यासारख्याने लिहिलेल्या लांब लेखापेक्षा अनेकदा जास्त माणसे आणतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तुम्ही पाठवलेले दोन लेख मी नीट वाचले. पहिल्याची सुरुवात ‘आंब्याला फळांचा राजा म्हटले जाते’ अशी आहे. पुढे आंब्याचा इतिहास, मग जीवनसत्त्वे, मग आंब्याच्या जातींची यादी. गिऱ्हाईक ज्यासाठी आले असेल, म्हणजे खरा हापूस ओळखायचा कसा, ते सातव्या परिच्छेदात आणि तेही दोन ओळींत. तिथपर्यंत कोण थांबणार? मधली एक ओळ मी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधली, तर तीच ओळ जशीच्या तशी आणखी तीन ठिकाणी निघाली. म्हणजे तुम्हाला विकलेला मजकूर दुसऱ्यांनाही विकलेला आहे. बाकीच्या 18 लेखांची हीच परीक्षा तुम्ही घरी घेऊ शकता. एका लेखाला दोन मिनिटे पुरतात.

हा 1500 शब्दांचा हट्ट येतो कुठून, ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तो आकडा पुढे केला की तुम्हाला उत्तर देता येईल. 2011 पूर्वी उलटा प्रकार होता. तीनशे-चारशे शब्दांचे पोकळ लेख शेकड्याने लिहायचे, लेख गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर टाकायचे आणि खाली आपल्या वेबसाइटची लिंक द्यायची, म्हणजे गूगलवर ती वर दिसेल. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि हा कारखाना एका झटक्यात बसला. त्यावरून अनेकांनी धडा घेतला तो चुकीचा. लेख पोकळ होते म्हणून पडले, पण लोकांना वाटले की आखूड होते म्हणून पडले. मग शब्द वाढवायची चढाओढ लागली. वास्तविक शब्दसंख्येचा कोणताही ठरावीक आकडा आम्ही पाहत नाही, असे गूगलने उघडपणे सांगितले आहे. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी वाचकाच्या उपयोगाचा मजकूर वर आणण्यासाठी वेगळी यंत्रणा सुरू केली आणि मार्च 2024 मध्ये ती शोधनिकालांच्या मुख्य क्रमवारीतच मिसळून टाकली. त्याच महिन्यात, क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक पाडलेला मजकूर, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने, नियमबाह्य ठरवला. तुमचे 20 लेख त्याच जातीचे आहेत, हे वाईट वाटले तरी सांगायला हवे.

वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हे आणखी जुने आहे. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी 1997 मध्येच लोक पडद्यावर कसे वाचतात ते तपासले होते. त्यांच्या चाचणीतल्या 79 टक्के लोकांनी पानावरून नुसती नजर फिरवली, शब्दन् शब्द वाचणारे 16 टक्केच निघाले. तोच मजकूर निम्म्या शब्दांत दिला तेव्हा तो वापरायला स्पष्टपणे सोपा ठरला. तेव्हा समोर संगणकाचा मोठा पडदा होता. आज तुमचे गिऱ्हाईक लोकलमध्ये एका हाताने मोबाइल धरून उभे आहे.

आता मुद्द्याचे. छोटा लेख म्हणजे मोठा लेख कापून उरलेला तुकडा नव्हे. छोटा लेख म्हणजे एका माणसाचा एक प्रश्न आणि त्याचे पुरते उत्तर. उत्तर ज्याला माहीत असते त्याला ते थोडक्यात देता येते. ज्याला माहीत नसते त्याला पाल्हाळ लावावे लागते. तुम्हाला लांब लिहिता येत नाही ही उणीव समजू नका. तुम्ही फोनवर जसे बोलता, तसे लिहायचे आहे.

आणि फोनवरूनच सुरुवात करायची आहे. मार्च ते मे या काळात तुम्हाला दिवसाला किती फोन येतात? त्यात लोक काय विचारतात? एक वही घ्या आणि आठवेल तेवढे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. माझ्या ओळखीच्या एका बागायतदारांकडे बसून मी अशी वही केली होती, त्यातले काही प्रश्न देतो. ‘पेटी आली पण आंबे हिरवेच आहेत, फ्रिजमध्ये ठेवू का?’ ‘चार डझनाची पेटी आणि पाच डझनाची पेटी, फळ कुठले मोठे?’ ‘तुम्ही कार्बाइड वापरत नाही कशावरून?’ ‘वरून इतका छान होता, आतून पांढरा कसा निघाला?’ ‘देवगड आणि रत्नागिरीत फरक काय?’ ‘साल सुरकुतली, म्हणजे खराब झाला का?’ यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख. हे प्रश्न फोनवर विचारणारे जितके आहेत, त्याच्या कितीतरी पट लोक तेच प्रश्न गूगलला विचारतात. एजन्सीच्या माणसाला हे प्रश्न ठाऊक नसतात, कारण त्याला कुणी फोन करत नाही.

एक लेख आपण इथेच करून पाहू. आतून पांढऱ्या निघालेल्या आंब्याचा, म्हणजे साक्याचा. तुमच्या सध्याच्या लेखात त्याबद्दल असे लिहिले आहे: ‘हापूस आंबा आपल्या अवीट गोडीसाठी जगप्रसिद्ध असला तरी काही वेळा नैसर्गिक कारणांमुळे फळाच्या गुणवत्तेवर परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ यातून साका कळतो का? ज्याने पाच हजारांची खरेदी केली आणि फळ कापल्यावर ज्याचा चेहरा पडला, त्याला ही ओळ टाळाटाळ वाटेल. मी लिहीन ते असे:

‘आंबा वरून पिवळाधमक, पण कापल्यावर कोयीजवळ पांढरट, आंबट, बुचासारखा भाग निघाला? त्याला आमच्याकडे साका म्हणतात. ही कीड नाही, रोग नाही, कार्बाइडचा परिणामही नाही. हापूसमध्ये फळ वाढताना होणारा हा दोष आहे आणि तो बाहेरून दिसत नाही, आम्हालाही दिसत नाही. पांढरा भाग काढून टाका, बाकीचा चांगला गर खायला हरकत नाही. झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात आणि जमिनीची धग लागलेल्या फळात साका जास्त आढळतो. म्हणून आम्ही आंबा 14 आणे तयार झाला, म्हणजे साधारण 85 टक्के पक्व झाला, की काढतो आणि झाडाखाली पाल्याचे आच्छादन ठेवतो. तरीही एखादे फळ निघू शकते. निघाले तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, आम्ही भरपाई देतो.’

शंभरेक शब्द झाले. यात तुमच्या बागेतली एखादी खरी गोष्ट घाला. उदाहरणार्थ, आच्छादन कधीपासून घालू लागलात, त्याआधी काय व्हायचे. शिवाय बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेली ‘रत्ना’ ही जात काढली आहे, तुमच्याकडे तिची झाडे असतील तर तेही सांगा. अडीचशे-तीनशे शब्दांत लेख पूर्ण होतो. तिथे थांबायचे. जीवनसत्त्वांवर जायचे नाही.

या तुकड्यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली ओळ म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातले फळ. तो जे बघतो आहे तेच त्याला शब्दांत दिसले की त्याला कळते, आपण योग्य जागी आलो. दुसरे, ‘14 आणे’ हा तुमचा शब्द ठेवला आणि लगेच अर्थही दिला. धंद्यातले शब्द पुसू नका. अढी (पिकवण्यासाठी पेंढ्यात रचलेले आंबे), साका, पेंढा, देठ, 14 आणे हे शब्द वाचले की गिऱ्हाईकाला कळते की बोलणारा बागेत उभा राहून बोलतो आहे. फक्त मुंबईत वाढलेल्या मुलीला कळेल एवढा खुलासा शेजारीच द्या. आणि तिसरे, सगळ्यात महत्त्वाचे: दोष मान्य केला आहे. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ असे लिहिणारे डझनावारी आहेत. ‘होऊ शकते, आणि झाले तर आम्ही हे करतो’ असे लिहिणाऱ्याकडून लोक पेटी मागवतात.

फ्रिजच्या प्रश्नाला तर इतकेही लागणार नाही. हिरवा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने तो नीट पिकत नाही. खोक्यातून काढा, पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात पसरा, रोज हात लावून बघा, पिकलेला आधी बाजूला काढा. पूर्ण पिकल्यावर फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. दीडशे शब्दांचा लेख आणि पेंढ्यावर मांडलेल्या आंब्यांचा एक फोटो. दीडशे शब्द कमी आहेत म्हणून त्यात भर घालू नका.

कार्बाइडचा लेख मात्र जरा मोठा होऊ द्या, सहाशे शब्दांपर्यंत गेला तरी चालेल, कारण तिथे वाचणाऱ्याच्या मनात भीती आहे आणि भीती दोन ओळींत जात नाही. फळे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर भारतात बंदी आहे. इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत, वापरायला परवानगी आहे. हे दोन वेगळे आहेत, हेच पुष्कळांना माहीत नसते. मग तुम्ही स्वतः कसे पिकवता ते दिवसवार सांगा. अढी कशी लावता, किती थर, फळे कितव्या दिवशी फिरवता. हे दुसऱ्या कुणाला नकलता येणार नाही. तसेच जीआयचे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावू देणाऱ्या भौगोलिक मानांकनाचे. हापूसला 2018 मध्ये हे मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावा आणि क्रमांक मजकुरात टाइप करा. केली नसेल तर आधी नोंदणीचे बघा, लेख नंतर.

शीर्षकाबद्दल थोडे. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते तेच शीर्षक. ‘हापूस आंबा आतून पांढरा का निघतो?’ हे शीर्षक झाले. ‘कोकणच्या राजाची अनकही कहाणी’ असले काही नको, ते शोधायला कुणी येत नाही. महत्त्वाचे शब्द आधी घ्या, कारण गूगल लांब शीर्षक रुंदी पाहून कापते आणि शेपूट दिसत नाही. लेखात ‘हापूस’ हा शब्द किती वेळा यावा, हे मोजत बसू नका. वेबसाइट बनवणाऱ्याने ‘कीवर्ड’ म्हणून एक वेगळी चौकट दिली असेल, तिच्यात वेळ घालवू नका. त्या चौकटीतले शब्द क्रमवारीसाठी आम्ही बघत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

मराठी वेबसाइटच्या दोन दुखण्यांबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण तुमच्याकडे दोन्ही आहेत. तुमचा भावाचा तक्ता आणि ‘आमच्याविषयी’चा सगळा मजकूर चित्रात आहे. दिसायला सुरेख आहे, पण चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राने विसंबावे अशी अपेक्षा करू नका. शिवाय मोबाइलवर ती अक्षरे मुंगीएवढी दिसतात. गूगल आता कोणत्याही वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्तीच प्रमाण मानते. भाव, पत्ता, डिलिव्हरीची गावे हे सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर नीट वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. सासऱ्यांनी जुन्या फॉन्टमध्ये करून ठेवलेली बागेची माहिती आहे म्हणालात, ती तशीच चिकटवली तर पानावर अगम्य चिन्हे उमटतील. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा. मजकूर मोलाचा आहे, मेहनत वाया जाणार नाही.

दुसरे दुखणे पानाच्या पत्त्याचे, म्हणजे लिंकचे. लेखाचा पत्ता देवनागरीत असला की व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीचे एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरांनी लिहिले जाते. लोकांना ते व्हायरस वाटते आणि कुणी बोट लावत नाही. लेख मराठीतच ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा द्या. लिंकसोबत जे चित्र आणि शीर्षक आपोआप दिसते, ते नीट येते की नाही हे स्वतःच्या नंबरवर पाठवून पाहा.

व्हॉट्सॲपचे एवढे सांगतो आहे, कारण तुमचे पहिले वाचक तिथूनच येणार आहेत. गूगलला नव्या पानावर विश्वास बसायला वेळ लागतो. पण मे महिन्यात कुणी फोनवर विचारले की ‘फ्रिजमध्ये ठेवू का?’, तर उत्तर द्या आणि लगेच त्या लेखाची लिंक पाठवा. ते गिऱ्हाईक ती लिंक बहिणीला पाठवते, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. लांब लेख कुणी ग्रुपवर टाकत नाही. एका प्रश्नाचे उत्तर टाकतात. लेखाच्या शेवटी एकच वाट ठेवा: ‘या हंगामाची पेटी नोंदवा’. पान उघडताच नंबर मागणारी चौकट अंगावर येते, ती आजच काढून टाका.

वेळेचे गणित बागेसारखेच आहे. आंबा मार्चमध्ये हवा म्हणून कुणी मार्चमध्ये कलम लावत नाही. आता ऑक्टोबर आहे. मोहोर येण्याआधी चार-पाच लेख वेबसाइटवर गेले पाहिजेत, म्हणजे लोक शोधू लागतील तेव्हा ते जागेवर असतील. आणि दर वर्षी भावाचे नवे पान काढू नका. एकच पान, एकच पत्ता, त्यावर दर हंगामाला भाव आणि तारीख बदलायची. जुन्या पानाने कमावलेली जागा नव्या पानाला फुकट मिळत नाही. तुमच्याकडे दोन वर्षांची दोन पाने आहेत, त्यातले जुने पान नव्याकडे वळवून घ्या. वेबसाइटवाल्याला सांगा, 301 लावून दे, म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळव.

त्या 20 लेखांचे काय करायचे? गूगल सर्च कन्सोल नावाची मोफत सोय आहे, ती जोडून घ्या. तुमचे पान कोणत्या शब्दांना दिसले आणि किती जणांनी उघडले, हे तिथे मागच्या 16 महिन्यांचे मिळते. आधीच जोडलेली असेल तर मागचा पूर्ण हंगाम तुम्हाला आत्ता दिसेल. ज्या लेखांना कुणी विचारत नाही ते काढून टाका, पैसे दिले होते म्हणून जपू नका. ज्या दोन-तीनांना थोडीफार माणसे येतात, ते त्याच पत्त्यावर तुमच्या शब्दांत नव्याने लिहा. त्या यादीत आणखी एक मौज दिसेल: लोक ‘हापूस’ देवनागरीत टाइप करतात, रोमन लिपीत मराठी लिहितात आणि इंग्रजीतही विचारतात. रोमन मराठीसाठी वेगळा लेख नको. इंग्रजीसाठी मात्र, बेंगळुरू-हैदराबादला पेट्या पाठवत असाल तर, चार मुख्य लेख कुणाकडून तरी नीट इंग्रजीत लिहून घ्या. मराठी लेख यंत्रात घालून निघालेले भाषांतर तसेच लावू नका. ‘साका’चे तिथे काय होईल सांगता येत नाही.

आठवड्याला एक लेख पुरे. लिहून झाला की घरात मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला दम लागेल ते तोडा. जे वाक्य तुम्ही फोनवर कधीच बोलला नसता, ते काढा. मग ज्याला आंब्यातले काही कळत नाही अशा एखाद्या भाच्याला वाचायला द्या आणि विचारा, काय कळले? त्याने प्रश्न विचारला तर ते उत्तर लेखात घाला.

पहिला लेख साक्याचाच घ्या. फोटो कुठून आणू, आत्ता आंबा नाही, असे म्हणाल. तुमच्या फोनमध्ये मे महिन्याचे मेसेज उघडा. तक्रार करत कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवणारे एक तरी गिऱ्हाईक त्यात असेल. त्यांना आज फोन करा, तो फोटो वापरू का म्हणून विचारा, आणि बोलता बोलता यंदाची पेटीही नोंदवून घ्या.